घरातील लोहमार्गाची आखणी

आगगाडीचे प्रतिरूप हौसेने घरी आणणारा गृहस्थ बहुधा आधी रूळ अंथरतो आणि आखणीचा विचार मागाहून करतो. वस्तुतः असा लोहमार्ग फसतो तो कारागिरीच्या उणिवेपेक्षा सर्वसंग्रहाच्या हव्यासामुळेच अधिक. कर्जत ते लोणावळा हे सुमारे 28 किलोमीटरांचे अंतर एचओ या सर्वाधिक प्रचलित प्रमाणात, म्हणजे 87 पटींनी, लहान केले तरी ते 300 मीटरांहून अधिक भरते. यास्तव काय वगळावे, हा निर्णय आखणीचा आरंभ होय.

पहिला प्रश्न जागेचा. एचओ प्रमाणात दोन रुळांमधील अंतर 16.5 मिलिमीटर असते व वळणाची त्रिज्या निदान 46 सेंटिमीटर ठेवावी लागते, म्हणून गाडीस वर्तुळात फिरवावयाचे तर फळीची रुंदी मीटरभर हवीच. उलटपक्षी भिंतीस टेकलेल्या फळीवर पाऊण मीटरापलीकडे मनुष्याचा हात सुखाने पोहोचत नाही, आणि घसरलेला डबा नेमका त्यापलीकडेच पडतो. यावर तोड दोन : फळी चहूबाजूंनी मोकळी ठेवावी, अथवा वर्तुळाचा मोह सोडून भिंतीलगत अरुंद, लांबट मार्ग घालावा. 1:160 च्या एन प्रमाणात रुळांमधील अंतर 9 मिलिमीटरच असल्याने लहान खोलीत तेच पत्करणे शहाणपणाचे.

दुसरी कसोटी चढणीची. एका मार्गावरून दुसरा न्यावयाचा तर सुमारे 8 सेंटिमीटर उंची गाठावी लागते, आणि शेकडा 2 या सुसह्य चढणीने ती गाठण्यास 4 मीटर मार्ग खर्ची पडतो. 1863 साली खुल्या झालेल्या बोरघाटातील चढण 37 स 1 इतकी तीव्र असल्याने तेथे गाडीस मागून जादा इंजिने लावावी लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे टेबलावर घाट उभारण्याची उतावीळ आपोआप शमते.

राहता राहिला हेतू. नुसती फिरणारी गाडी लवकरच कंटाळा आणते; परंतु एक स्थानक, समोरून येणाऱ्या गाडीस वाट देणारा बगलमार्ग आणि वाघिणी लावण्यास एक मालधक्का एवढीच तजवीज असली तरी सांधे बदलीत कित्येक संध्याकाळी सुखाने जातात. बगलमार्गाची लांबी मात्र गाडीवरून मुक्रर करावी : प्रवासी डबा सुमारे 25 सेंटिमीटर धरल्यास इंजिनासह चार डब्यांस सव्वा मीटर सरळ मार्ग हवा, सांध्यांची जागा निराळी.

पुण्यात कोथरूड येथील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय एकदा अवश्य पाहावे. मात्र तेथून परतल्यावर थेट दुकान न गाठता जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे पसरून, त्यांवर खडूने आपला मार्ग प्रत्यक्ष मापाने रेखाटावा, आणि जे त्या कागदावर मावत नाही त्याची खरेदी निःसंकोच रद्द करावी.