धर्मग्रंथ घरच्या भाषेत

आईला संस्कृत गीता कळत नव्हती, तिची ती अडचण मनात धरून विनोबांनी १९३०-३१ साली वर्ध्यात 'गीताई' रचली, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. याच वाटेने आधी गेलेल्या दोघांविषयी आज बोलायचे आहे. एक जर्मनीतला मार्टिन ल्यूथर आणि दुसऱ्या आपल्या पंडिता रमाबाई.

ल्यूथर हा मठवासी, विटेनबर्गच्या विद्यापीठात धर्मशास्त्राचा अध्यापक. पैसे घेऊन पापाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रे विकली जाऊ लागली, तेव्हा १५१७ साली त्याने त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. १५२१ साली पोपने त्याला बहिष्कृत केले, सम्राटापुढे उभे राहावे लागले. पण शब्द काही त्याने मागे घेतले नाहीत. सॅक्सनीच्या अधिपतीने त्याला वार्टबुर्गच्या गढीत लपवून ठेवले. तिथे त्याने नवा करार मूळ ग्रीकवरून जर्मन भाषेत आणला. तो १५२२ साली छापून निघाला. भाषांतर करणाऱ्याने घरातल्या आईचे, गल्लीतल्या पोरांचे, बाजारातल्या माणसाचे बोलणे कान देऊन ऐकावे, असे त्याचे म्हणणे असे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकनिंदा सोसली. मुलगी इतकी विद्वान निघाली, की १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' म्हणून गौरवले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पण तिथेही धर्मगुरू सांगतील ते निमूट मानायला तयार झाल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात फिरून त्यांनी उपाशी मुली नि विधवा आपल्या आश्रयाला नेल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात अशा शेकडो जणी राहू लागल्या.

मराठी बायबल तेव्हाही होतेच. पण त्याची संस्कृतमिश्रित भाषा या बायकांना पेलेना. मग उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सारा ग्रंथ नव्याने सोप्या मराठीत उतरवला. छपाईचे कामही सदनातल्या बायकाच करीत. १९२२ साली रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

ल्यूथरच्या पाठीशी एक अधिपती होता, ठिकठिकाणचे छापखाने होते. त्याच्या बायबलाने जर्मन भाषेला वळण लावले. रमाबाईंचे भाषांतर मात्र फारसे रूढ झाले नाही; मराठी चर्चमध्ये बायबल सोसायटीचीच भाषांतरे चालत राहिली. मग ते श्रम वाया गेले म्हणायचे का?

मला तसे वाटत नाही. ज्या संस्कृतने रमाबाईंना मान मिळवून दिला, तिचेच जड शब्द त्यांनी बाजूला ठेवले. कारण वाचणारी बाई समोर बसलेली होती. विद्या मिळवणे कठीण खरेच; पण दुसऱ्यासाठी ती उतरवून ठेवणे त्याहून कठीण.