वेढे, थेंब आणि कुपी

बाळगुटी ज्यांनी उगाळली आहे त्यांना 'डोस' म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. सहाणेवर आईचं दूध घ्यायचं, हळकुंडाचे दोन वेढे, मुरडशेंगेचे तीन, जायफळाचा जेमतेम एक. जायफळ जास्त झालं तर बाळ दिवसभर गुंगून पडतं. सहाणेवर फिरवलेला एक गोल म्हणजे एक वेढा. माप आजीच्या मनगटात. कुणाचा हात दाबून चालतो, कुणाचा हलका, म्हणून दोन घरांतले दोन वेढे कधी सारखे नसतात. (आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे.) औषधनिर्माणशास्त्राचा अर्धा खटाटोप हा त्या मनगटावरचा भार उतरवण्यासाठी आहे.

डी.फार्म.च्या पहिल्याच वर्षी 'डोसेज फॉर्म' हा धडा येतो. घन, द्रव, अर्धघन, वायुरूप. गोळी, कॅप्सूल, सिरप, सस्पेन्शन, मलम, इंजेक्शन, इनहेलर. मुलं तक्ते पाठ करतात, 'फरक स्पष्ट करा' आलं की दोन रकाने आखतात आणि पास होतात. तक्त्यात एक गोष्ट कधीच नसते: एखादं औषध पूड म्हणून बनवायचं की पातळ, तोंडावाटे द्यायचं की सुईनं, हे कुणी, कशाला घाबरून ठरवलं. ते पाहायचं तर हडपसरच्या पुढे मांजरीला जावं.

मांजरी म्हटलं की जुन्या पुणेकराला मुळा-मुठेच्या काठचा ऊस आठवतो. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथलीच, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथलंच. मांजरी बुद्रुक महापालिकेत आलं ते 2021मध्ये. त्याच वर्षी, 12 जानेवारीला, पहाटे पाचच्या सुमारास लस बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकातून तीन शीतवाहू ट्रक पूजा करून बाहेर पडले आणि विमानतळाकडे निघाले. आत कोव्हिशिल्ड या कोरोनावरच्या लशीची 478 खोकी, प्रत्येकी 32 किलोचं. चारच दिवसांनी, 16 जानेवारीला, देशात लसीकरण सुरू झालं. आणि 21 तारखेला मांजरीच्याच आवारात बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागून पाच कामगार गेले. पहाटेच्या ट्रकची छायाचित्रं सगळ्यांच्या लक्षात आहेत. ती पाच माणसं फारशी कुणाच्या नाहीत.

सीरमची सुरुवात घोड्यांपासून झाली. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात. घोड्याला थोडथोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार झालं की रक्तरस वेगळा करायचा. हा रक्तरस म्हणजेच सीरम. घोडे आपले, मग सीरम आपणच का करू नये, या हिशेबानं सायरस पूनावाला यांनी 1966मध्ये कंपनी काढली.

आता कोव्हिशिल्डची कुपी डोळ्यांसमोर आणा. पाच मिलिलिटर पातळ द्रव, दहा माणसांसाठी, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. औषधी घटक त्यात नाममात्र. बाकी पाणी, मीठ, हिस्टिडिन, पॉलिसॉर्बेट आणि चक्क साखर. साखर चवीला नाही, विषाणूचा कण शाबूत राहावा म्हणून. 2 ते 8 अंशांत, म्हणजे घरच्या फ्रिजच्या तापमानात, ही लस टिकते. फायझरची त्या काळातली लस उणे 70च्या आसपास ठेवावी लागे. गडचिरोलीच्या उपकेंद्रात उणे 70चा डीप फ्रीझर कुठून येणार? म्हणजे कोणती लस गावात पोहोचेल हे निम्मं तिच्या रूपानंच ठरवून टाकलं होतं.

दहा डोसांची कुपी स्वस्त पडते, फ्रिजमध्ये जागा कमी अडवते. पण एकदा सुई आत गेली की घड्याळ सुरू. म्हणून त्या दिवसांत नर्सताई "अजून चार जण येऊ द्या, मग कुपी फोडते" म्हणून बसवून ठेवायच्या आणि लोक वैतागायचे. त्या नियमामागे मोठा इतिहास आहे. 1902मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी मुंबईहून गेलेल्या प्लेगच्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं दगावली. ही लस बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांना निलंबित केलं गेलं आणि त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला 1907 उजाडलं. एक बाटली अनेकांत वाटायची तर तिच्यात काय शिरू शकतं, हे सगळ्या जगाला त्या बाटलीनं शिकवलं.

पातळ रूपाची दुसरी अडचण म्हणजे पाणी. पाण्यात अनेक जिवंत विषाणू फार काळ तग धरत नाहीत. मग पाणीच काढून टाकायचं, पण उष्णता न देता. कापूर उघडा ठेवला तर तो वितळत नाही, नुसता उडून जातो. बर्फाचंही असं करता येतं. कुप्या उणे 40च्या आसपास गोठवायच्या, भोवतालची हवा खेचून घ्यायची, की बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जातो. कुपीच्या तळाशी उरतो एक पांढरा, सच्छिद्र, अळणी बत्ताशासारखा खडा. कारखान्यात त्याला 'केक' म्हणतात आणि त्या यंत्राला लायोफिलायझर. गंमत पाहण्यासारखी आहे ती बुचांची: रबरी बूच आधी अर्धवटच बसवलेलं असतं, त्याच्या खाचेतून वाफ बाहेर पडते, आणि काम झालं की यंत्राच्या आतल्या फळ्या खाली येऊन सगळी बुचं एकदम दाबून बसवतात. तोवर बाहेरच्या हवेचा स्पर्श नाही.

या केकनं पुण्याची लस आफ्रिकेत कशी नेली ते सांगण्याजोगं आहे. सहाराच्या दक्षिणेला मेंदूज्वराचा पट्टा आहे. 1996-97च्या साथीत तिथे अडीच लाखांवर माणसं आजारी पडली आणि 25 हजारांवर मेली. त्या देशांना परवडेल अशी, 50 सेंटांहून कमी किमतीची लस सीरमनं पुण्यात बनवली. मेनआफ्रिव्हॅक तिचं नाव. डिसेंबर 2010मध्ये बुर्किना फासोत ती पहिल्यांदा मोहिमेवर निघाली. दोन वर्षांनी असं ठरलं, की ही कोरडी लस 40 अंशांपर्यंतच्या उन्हात बर्फाविना चार दिवस नेली तरी चालेल. ज्यानं आरोग्य केंद्रात बर्फाच्या पिशव्या गोठवण्यासाठी विजेची वाट पाहिली आहे त्यालाच या चार दिवसांची किंमत कळेल.

पण कोरडं रूप सगळीकडे जिंकत नाही. जुलाब करणाऱ्या रोटा विषाणूवरची सीरमची लस, रोटासिल, आधी केकच होती. सोबत मिसळायला वेगळं द्रावण. ते द्रावण साधं पाणी नव्हतं, त्यात आम्ल मारणारे क्षार होते, कारण तोंडावाटे दिलेला विषाणू बाळाच्या पोटातल्या आम्लात मरतो. गरमीत टिकायला उत्तम, पण रांगेत रडणारी वीस बाळं असताना एकेक कुपी मिसळत बसायचं म्हणजे नर्सचा जीव मेटाकुटीला. पुढे तिचं पातळ रूपही आलं. त्यात भर म्हणजे आपल्या सरकारी कार्यक्रमात हैदराबादच्या रोटाव्हॅकचे पाच थेंब द्यायचे असतात आणि मिसळलेली कोरडी रोटासिल अडीच मिलिलिटर. आजार एक, वय एक, डोस पाचपट.

तिसरा रस्ता नाकाचा. ऑगस्ट 2009मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, शाळा बंद झाल्या, हिरवे मास्क संपले. वर्षभरात सीरमनं नेसोव्हॅक आणली: प्रत्येक नाकपुडीत पाव मिलिलिटर फवारा. फ्लू ज्या दारानं येतो त्याच दारावर पहारेकरी उभा करायचा. कल्पना मला आजही सुंदर वाटते.

थंडीबद्दल मात्र एक गैरसमज पक्का आहे, तो फार्मसीच्या मुलांतही दिसतो: जितकं गार तितकं चांगलं. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला यांच्या लशी म्हणजे ॲल्युमिनियमच्या क्षारावर चिकटवलेलं सस्पेन्शन. ते एकदा गोठलं की क्षाराच्या गुठळ्या होतात आणि लस फुकट. संशय आला तर मुद्दाम गोठवून वितळवलेली एक कुपी आणि संशयित कुपी एकत्र हलवून शेजारी ठेवतात. गोठलेलीचा गाळ भराभर तळाला बसतो. गाळ बसण्याचा वेग दोघींचा सारखाच निघाला तर संशयित कुपी टाकून द्यायची. म्हणूनच व्हॅक्सिन कॅरियरमधले आइस पॅक फ्रीझरमधून काढून लगेच भरत नाहीत. टेबलावर मांडून ठेवतात, घाम फुटू देतात, मग कानाजवळ धरून हलवतात. आत पाण्याचा डुबुक आवाज आला की मगच भरायचे. या आवाजाला परीक्षेत गुण नाहीत.

रूपाची ओळख चुकली तर काय होतं? 31 जानेवारी 2021ला यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी 12 मुलांच्या तोंडात हँड सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलं वाचली. दोष कर्मचाऱ्यांच्या माथी लागला, आणि तो होताच. पण शेवटी दोन्ही द्रवच. 'आयडेंटिफिकेशन' या कोरड्या शब्दाखाली शिकवतात ते हेच.

घरातली चूक याहून साधी असते. पॅरासिटामॉलचे तान्ह्या बाळाचे थेंब साधारण एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅमचे असतात. नेहमीचं सिरप पाच मिलिलिटरला 120चं, म्हणजे एका मिलिलिटरला 24. थेंबांच्या बाटलीतून चमचाभर पाजलं तर चौपट औषध पोटात जातं. आमच्या घरात गिळायला त्रास होतो म्हणून आजोबांची आवरण असलेली गोळी खलात कुटून मधातून देत. आवरण आम्लापासून बचावासाठीही असू शकतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, दुकानदारानंही नाही. गोळी कुटण्याआधी फार्मासिस्टला विचारा. तो त्याचाच विषय आहे.

आणि बाळाला लस द्यायला न्याल तेव्हा सरकारी कुपीवरचा छोटा गोल पाहा. गोलात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते, त्याच रंगाचा किंवा गडद झाला असेल तर ती उष्णतेनं गेली. हा गोल पातळ लशीच्या कुपीवर लेबलवर असतो, कारण उघडलेली कुपीही नियमात बसत असेल तर पुढच्या सत्राला वापरतात. गोवर-रुबेलासारख्या कोरड्या लशीवर तो झाकणावर असतो. झाकण काढलं की गोलही जातो. मिसळून झाल्यावर त्या कुपीला फक्त चार तास.