सत्तावीस होईपर्यंत नो स्विच!

कंपनी बदलायची म्हटली की आपण काय करतो? रेझ्युमे अपडेट करतो, दोन-चार कन्सल्टंटना फोन टाकतो, आणि ऑफर लेटर हातात पडलं की बॉससमोर गंभीर चेहरा करून बसतो. मग नोटीस पीरियड, सेंड-ऑफचा केक, नवं आयडी कार्ड. संपला विषय!

आता समजा कुणी सांगितलं, की पहिली नोकरी कुठे करायची हे तू ठरवणार नाहीस आणि सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत ती मनासारखी सोडताही येणार नाही, तर? अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, बहुतेक खेळाडू याच अटीवर आइस हॉकी खेळतात.

खरं सांगतो, बर्फावर सुसाट पळणारी ती काळी चकती मला अजूनही धड दिसत नाही. मला नाद लावला तो १ जुलैनं. करोनाच्या काळासारखे काही अपवाद सोडले, तर दरवर्षी या दिवशी तिकडे दुपारचे बारा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले की करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो. मॅच नसते, गोल नसतो. नुसत्या सह्या होतात. तरी मी जेवणाचं ताट घेऊन स्क्रीनसमोर!

या बाजाराचा फंडा समजायला सोपा आहे. अठराव्या वर्षी ड्राफ्ट होतो आणि क्लब पाळीपाळीनं पोरं निवडतात. हे झालं कॅम्पस प्लेसमेंट, फक्त कंपनीला 'नको' म्हणायची सोय जवळजवळ नाही. एकवीस वर्षांपर्यंत सही केली, तर पहिला करार तीन वर्षांचाच आणि पगाराला वरून टोपी.

करार संपला की सुटका? नाही ना! आता तो 'रिस्ट्रिक्टेड' फ्री एजंट. क्लबनं नियमात बसणारी किमान ऑफर दिली, की त्याच्यावरचा हक्क क्लबकडेच राहतो. दुसरा क्लब त्याला 'ऑफर शीट' देऊ शकतो. खेळाडूनं त्यावर सही केली, की जुन्या क्लबकडे सात दिवस असतात. तेवढाच पगार देऊन त्याला ठेवा, नाहीतर सोडा. रक्कम मोठी असेल तर भरपाई म्हणून पुढच्या ड्राफ्टमधल्या निवडी घ्या. म्हणजे आपली काउंटर ऑफरच, पण शेवटचा शब्द मालकाचा.

यात खुन्नसही चालते, बरं का. २०१९ मध्ये मॉन्ट्रियलनं कॅरोलिनाच्या सेबॅस्टियन आहोला पाच वर्षांसाठी ४ कोटी २२ लाख डॉलरहून जास्त देऊ केले. कॅरोलिनानं तेवढेच मोजून त्याला ठेवलं. २०२१ मध्ये त्यांनी मॉन्ट्रियलच्या येस्पेरी कोटकानिएमीपुढे एका वर्षासाठी ६१ लाख डॉलरची शीट ठेवली. त्यात सहीचा बोनस किती? फक्त २० डॉलर! आहोच्या जर्सीचा नंबर २०. मॉन्ट्रियलनं मुकाट्यानं पोरगा सोडला.

खरी मोकळीक मिळते ती वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी किंवा लीगमधले सात सीझन भरल्यावर. मग तो 'अनरिस्ट्रिक्टेड'. ज्याच्याशी पटेल त्याच्याशी करार करा, जुन्या क्लबला भरपाई शून्य.

ही मोकळीक फुकट आलेली नाही. पूर्वी हेच वय ३१ होतं. पैशांवरून मालक आणि खेळाडू इतके अडून बसले, की २००४-०५चा अख्खा सीझन रद्द झाला. २००५ मध्ये तोडगा निघाला. खेळाडूंनी सॅलरी कॅप, म्हणजे प्रत्येक क्लबच्या एकूण पगारावरची मर्यादा मान्य केली आणि बदल्यात मोकळं होण्याचं वय टप्प्याटप्प्यानं सत्ताविसावर आलं. तेव्हा ३ कोटी ९० लाख डॉलर असलेली कॅप २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख झाली. पण डबा एकच! एकानं जास्त घेतलं की शेजारच्याच्या वाट्याचं कमी होतं. २०२४ च्या जूनमध्ये फायनल खेळलेल्या एडमंटनच्या ब्रोबर्ग आणि हॉलोवे या दोन तरुणांना ऑगस्टमध्ये सेंट लुईसनं ऑफर शीट दिली. एडमंटनचा डबा आधीच भरलेला. दोघंही गेले.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त भिडतो तो जॉन टवारेस. टोरांटोजवळ वाढलेला हा पोरगा २००९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच नंबरावर न्यूयॉर्क आयलंडर्सकडे गेला. नऊ सीझन खेळला, कॅप्टन झाला. १ जुलै २०१८ रोजी, सत्ताविसाव्या वर्षी, त्यानं टोरांटोशी सात वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. सोबत स्वतःचा लहानपणीचा फोटो टाकला, टोरांटोच्या टीमच्या चादरीत झोपलेला! न्यूयॉर्कवाले भडकले. २०१९ च्या फेब्रुवारीत तो तिथे खेळायला परतला, तेव्हा बर्फावर प्लास्टिकचे साप फेकले गेले. नऊ वर्षं जीव तोडून खेळल्याचा हा निरोप समारंभ.

पण पुढचं ऐका. २०२५ मध्ये तो करार संपत आला. वय ३४. पुन्हा बाजारात उतरता आलं असतं. त्यानं टोरांटोतच चार वर्षांची सही केली, सीझनला साधारण ४४ लाख डॉलरवर. आधीची सरासरी होती १ कोटी १० लाख! कॅपच्या डब्यात इतरांसाठी जागा झाली आणि तो घरीच राहिला.

घरी जायलाही तोच हक्क वापरला आणि घरी राहायलाही. आख्ख्या करिअरमध्ये असे क्षण एक-दोनच येतात, म्हणून त्याला 'कुठे?' हा प्रश्न आधी पडला असावा. आपल्याला दर वर्षी स्विच मारायची मुभा आहे, बॉस. आपण मात्र पहिला प्रश्न विचारतो, 'हाइक किती टक्के?'