दार किती हलकं करायचं?

आमच्या वाकडच्या सोसायटीत निवृत्त मंडळींचा संध्याकाळचा एक कट्टा आहे. मधुमेह, महागाई आणि डांगे चौकातली वाहतूक हे आमचे ठरलेले विषय. परवा तिथं तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा येऊन बसला. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. हातात एक मोठं चित्र. म्हणाला, ''काका, तुम्ही बँकेत होतात ना? खर्चाचं एवढं गणित तपासून द्या की.''

मी चष्मा चढवला. चित्र एका दाराचं होतं. विमानाच्या इंजिनाचं दार!

इंजिनाला दार असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आपण खिडकीशी बसतो तेव्हा पंखाखाली एक गोल पिंप लोंबताना दिसतं. त्या पिंपाच्या दोन बाजूंचे बाकदार पत्रे म्हणजेच ही दारं. वर बिजागऱ्या, खाली पोटाशी कड्या. आतलं तेल बघायचं असलं की कारागीर कड्या सोडवतो, दार वर उचलतो आणि त्याला टेकू देतो. मोटारीच्या बॉनेटचाच प्रकार म्हणायचा. फरक इतकाच, की हे बॉनेट ताशी आठशे किलोमीटरच्या वाऱ्यात मिटलेलं राहायला हवं.

मुलाचा प्रकल्प होता ते दार हलकं आणि स्वस्त करण्याचा. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, हे त्याचं दुखणं. मी माझ्या भाषेत समजून घेतलं. दाराची किंमत म्हणजे मुद्दल, ते एकदाच भरायचं. वजन म्हणजे व्याज. विमान वीस-पंचवीस वर्षं उडतं आणि प्रत्येक उड्डाणात त्या वजनापायी इंधन जळतं. त्यामुळे महाग पण हलकं दार पुष्कळदा परवडतं. किती महाग, तेवढाच वादाचा मुद्दा.

मग त्यानं मला धातूंची शिकवणी दिली. एक घनसेंटिमीटर पोलाद सुमारे 7.8 ग्रॅम भरतं, टायटॅनियम साडेचार, अॅल्युमिनियम 2.7 आणि कार्बनचे धागे राळेत बसवून केलेला पत्रा जेमतेम 1.6. मग सगळं कार्बनचंच का करत नाहीत? तर तो पत्रा दाबाखाली भट्टीत भाजावा लागतो, ते काम खर्चिक. वीज पडली तर ती वाहून जावी म्हणून त्यात तांब्याची बारीक जाळी घालावी लागते. शिवाय आगीचं भय. इंजिनाजवळच्या ज्या भागांनी आग अडवायची, त्यांना सुमारे 1,100 अंश सेल्सिअसची ज्वाळा पंधरा मिनिटं सोसावी लागते. अॅल्युमिनियम तर 660 अंशांनाच वितळतं. म्हणजे हलकेपणाला चहूबाजूंनी जामीनदार लागतात!

खर्चाचा एक भाग मात्र मला चांगला कळला. नोकरीत असताना भोसरीच्या शेडांमधून मी कर्जदारांचा माल तपासत हिंडलो आहे. धातूचा अख्खा ठोकळा आणायचा, कापून कापून त्यातून नाजूक भाग काढायचा आणि उरलेला चुरा भंगारात घालायचा. ताळेबंद चाळण्यापेक्षा त्या चुऱ्याच्या ढिगाकडे नजर टाकली की मालकाचा नफा कुठं जातो ते समजायचं. या मुलानं अनेक तुकडे रिव्हेटांनी जोडण्याऐवजी एकाच पत्र्यात फासळ्या घडवल्या होत्या. एक रिव्हेट कमी म्हणजे एक भोक कमी आणि ते तपासणाऱ्याचा वेळही कमी. हे मला पटलं.

त्याच्यापुढं आदर्श होता 2013 सालच्या एका स्पर्धेचा. जीई कंपनीनं इंजिन उचलताना लागणारा एक धारक जगापुढं ठेवला आणि म्हटलं, हलका करून दाखवा. मूळ वजन 2,033 ग्रॅम. इंडोनेशियातल्या एका तरुण अभियंत्यानं ते 327 ग्रॅमवर आणलं! याच कंपनीचा चाकणचा कारखाना 14 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झाला आणि तिथं विमानाच्या इंजिनांचे भाग बनतात. वाकडहून चाकण ते काय लांब? मुलाचे डोळे का लुकलुकत होते ते मला कळलं.

''आणि या कड्या?'' मी विचारलं.

''त्या बाहेरून विकत घ्यायच्या. चार होत्या, मी तीन केल्या.''

त्याच्या सरांनी त्याला एक चौकशी अहवाल वाचायला दिला होता, तो त्यानं उघडलाही नव्हता. मी मागून घेतला आणि रात्री वाचून काढला. 24 मे 2013. लंडनच्या हीथ्रोवरून ऑस्लोला निघालेलं एअरबस ए-319. उड्डाण होताच दोन्ही इंजिनांची दारं उखडून गेली. एका दारानं इंधनाची नळी फोडली, उजव्या इंजिनाला आग लागली. विमान परत आलं. 75 प्रवासी आणि पाच कर्मचारी, सगळे सुखरूप उतरले.

दारं मजबूतच होती. आदल्या रात्री दोन कारागिरांनी ती उघडली होती. सामान हाताशी नव्हतं म्हणून कड्या न लावताच दारं खाली टेकवून ते गेले. नंतर परतले ते तसल्याच दुसऱ्या विमानापाशी! तिथली दारं बंद बघून त्यांना वाटलं, कुणीतरी लावली असतील. कड्या इंजिनाच्या पोटाखाली; जवळजवळ जमिनीवर आडवं झाल्याखेरीज धड दिसत नाहीत. सकाळी तपासणीतही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मला झोप लागेना. फार वर्षांपूर्वी एका शाखेत मी आणि हेडकॅशिअर, दोघांकडे तिजोरीच्या खोलीच्या दोन किल्ल्या. दोन्ही लागल्याखेरीज ते दार उघडायचं नाही. एका शनिवारी पाऊस कोसळत होता. त्याला वाटलं मी लावलं, मला वाटलं त्यानं. सोमवारी सकाळी दार नुसतं ओढलेलं! पैसा गेला नाही. पण नोटा मोजताना आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. त्या दाराचं वजन काही मण असेल.

एअरबसनं पुढं उपाय काढला तो वाचून मला आमच्या किल्ल्या आठवल्या. पुढच्या कडीला किल्ली आली, किल्लीला नजरेत भरणारी पट्टी. कडी नीट बसल्याखेरीज किल्ली निघतच नाही, आणि ती ठेवायची जागा वैमानिकाच्या कक्षात. 2016 मध्ये युरोपच्या विमानसुरक्षा यंत्रणेनं ए-319 सारख्या विमानांना हा बदल सक्तीचा केला. म्हणजे ग्रॅमाग्रॅमानं घटवलेल्या वजनात कुणीतरी जाणूनबुजून भर घातली.

दुसऱ्या दिवशी अहवाल परत दिला, तो त्यानं माझ्यासमोरच उभ्या उभ्या वाचला. मग जिन्याच्या पायरीवर बसून चित्रावर पेन्सिलीनं चौथी कडी पुन्हा काढली.

''काका, वजन वाढलं.''

''किती?''

त्यानं आकडा सांगितला. मी तो खर्चाच्या रकान्यात लिहिला आणि बेरीज पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली.