ताऱ्याचा वारा मोजायचा कसा?

रत्नागिरीत बसून ताऱ्याच्या वाऱ्यावर संशोधन करता येतं का? येतं. फक्त आधी ठरवायचं की नेमकं काय मोजायचंय.

सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की बाहेरचे थर सोडून देतो. हा वारा संथ, सेकंदाला साधारण १० किमी. मग आतला तापलेला गाभा उघडा पडतो आणि त्यातून दुसरा वारा सुटतो: विरळ, पण सेकंदाला हजार-दोन हजार किमी वेगाचा. तो आधीच्या वायूवर मागून आदळतो, वायू दाबला जाऊन कवच बनतं. हाच ग्रहीय तेजोमेघ. सुन क्वॉक आणि सहकाऱ्यांनी हे १९७८ मध्ये मांडलं.

विरळ वाऱ्यात एवढा जोर कुठून आला? हिशेब करून बघा. समजा, दर वर्षी बाहेर पडणारं वस्तुमान हजारपट कमी, पण वेग २०० पट. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून, म्हणजे ४०,००० भागिले १,०००: ४० पट जास्त!

आता मोजणी. तारा आणि आपण यांच्यामधला वारा आपल्याकडे येत असतो, म्हणून तो ताऱ्याचा प्रकाश रेषेच्या निळ्या बाजूला शोषतो. आजूबाजूचा वायू त्याच रेषेत चमकतो. या जोडीला पी सिग्नी रेषा म्हणतात. आयनित कार्बनची १५४८ अँगस्ट्रॉमची रेषा घ्या. शोषणाची निळी कड १० अँगस्ट्रॉम सरकली असेल, तर १० भागिले १५४८, गुणिले प्रकाशाचा वेग: सेकंदाला सुमारे १,९४० किमी.

पण हा अतिनील प्रकाश वातावरण गिळून टाकतं. दुर्बीण रत्नागिरीत लावा नाहीतर लडाखमध्ये, उपयोग नाही. उपग्रहच हवा. २०१५ च्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण आहे, तिच्या उभारणीत पुण्याच्या आयुकाचाही वाटा आहे. एनजीसी ४० या तेजोमेघाभोवतीचं अतिनील वलय तिनेच दाखवलं. मात्र तिच्या वर्णपटाची विभेदनक्षमता १०० च्या आसपास, म्हणजे सुमारे ३,००० किमी वेगाइतका फरक पुसला जातो. आपली कड त्यात हरवते! चित्रासाठी उत्तम, या कामासाठी नाही.

इथे १९७८ चा आययूई उपग्रह कामाला येतो. त्याचे उच्च विभेदनाचे वर्णपट नासाच्या मास्ट संग्रहात फुकट आहेत. कॅट्स आय, म्हणजे एनजीसी ६५४३ पासून सुरुवात करा. हा तेजोमेघ जेमतेम हजारेक वर्षांचा आहे.

एक सावधगिरी: रेषा तळाला टेकली असेल, म्हणजे संपृक्त असेल, तर वेग मिळतो, पण किती वस्तुमान जातंय ते नीट कळत नाही. त्यासाठी कमकुवत रेषा शोधा. संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना प्रश्न आधी, उपकरण नंतर.