सन १८०३ : एका वर्षात बदललेला नकाशा

इतिहासात काही वर्षे अशी येतात की, वर्षारंभीचा नकाशा वर्षअखेरीस ओळखू येत नाही. हिंदुस्थानच्या दृष्टीने १८०३ हे असेच वर्ष. त्या जानेवारीत दिल्लीचा बादशहा शाहआलम शिंद्यांच्या संरक्षणाखाली होता. कटक नागपूरकर भोसल्यांकडे, तर अहमदनगर व भडोच शिंद्यांकडे होते. डिसेंबर संपला तेव्हा यातले काहीच मराठ्यांकडे उरले नव्हते.

याची सुरुवात आदल्या वर्षी झाली. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला त्याने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. घरचे भांडण मिटवायला परका बोलावला गेला. दौलतराव शिंदे व दुसरे रघूजी भोसले यांना हा तह मान्य नव्हता, आणि त्यातून दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले.

युद्धाचा क्रम असा :

१२ ऑगस्ट – अहमदनगरचा किल्ला पडला.
२९ ऑगस्ट – भडोच गेले.
४ सप्टेंबर – अलीगडचा किल्ला पडला.
११ सप्टेंबर – पटपडगंज येथे दिल्लीची लढाई.
२३ सप्टेंबर – असईची लढाई.
१४ ऑक्टोबर – कटकचा बाराबाटी किल्ला पडला.
१ नोव्हेंबर – अलवरजवळ लासवारीची लढाई.
२९ नोव्हेंबर – वऱ्हाडात अडगावची लढाई.
१५ डिसेंबर – गाविलगड पडला.
१७ डिसेंबर – भोसल्यांशी देवगावचा तह.
३० डिसेंबर – शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह.

यांपैकी असईची लढाई प्रत्येक कॅडेटने नकाशा समोर ठेवून अभ्यासावी. आजच्या जालना जिल्ह्यात केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात मराठ्यांचा तळ होता. सुमारे दहा हजार कवायती पायदळ, मोठे घोडदळ आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. आर्थर वेलस्लीपाशी लढाईच्या रांगेत सुमारे साडेचार हजार माणसे होती. शिवाय म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार त्याच्या बाजूने होते. म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाजूंना मराठे होते.

केळणा ओलांडायला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले. पण त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली. इतक्या जवळच्या गावांत येणे-जाणे असणारच, तेव्हा उतारही असणार, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला आणि इंग्रज फौज मराठ्यांच्या बगलेवर आली. मराठ्यांच्या पलटणींनीही कमाल केली. पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांनी आघाडी झटपट काटकोनात फिरवली. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रू पुढे जाताच त्यांनी मागून तोफा डागल्या. इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकणारा हाच वेलस्ली असईला आपली सर्वांत चांगली लढाई मानत असे. मद्रास रेजिमेंटच्या चिन्हातला हत्ती याच लढाईची आठवण आहे.

मग मराठे हरले का? शौर्य कमी नव्हते आणि तोफाही उत्तम होत्या. कमी होती ती नेतृत्वाची साखळी. महादजी शिंद्यांनी द बॉइन्यकरवी पाश्चात्त्य धर्तीची फौज उभी केली, पण तिचे वरचे अधिकारी बहुतांशी युरोपीयच राहिले. युद्ध सुरू होताच त्यांतले अनेक जण इंग्रजांच्या आवाहनानुसार नोकरी सोडून गेले. अलीगड पडण्याच्या सुमारास सेनापती पेराँही निघून गेला. लासवारीला शिंद्यांच्या पलटणी अशा अधिकाऱ्यांवाचून लढल्या, आणि तरीही त्यांच्या झुंजीने जनरल लेक थक्क झाला. असईला मराठ्यांच्या मोठ्या घोडदळाचा पायदळाला फारसा उपयोग झाला नाही. होळकर तर या साऱ्या काळात युद्धाबाहेर राहिले. त्यांनी १८०४ मध्ये शस्त्र उचलले, तेव्हा शिंदे व भोसले तह करून बसले होते.

जगातही त्या वर्षी उलथापालथ चालू होती. एप्रिलमध्ये फ्रान्सने लुइझियानाचा प्रचंड प्रदेश सुमारे दीड कोटी डॉलरला विकला आणि अमेरिकेचा विस्तार जवळजवळ दुप्पट झाला. मे महिन्यात इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा सुरू झाले. हैतीतील गुलामांच्या उठावाचा नेता तूसाँ लूव्हरत्यूर ७ एप्रिलला फ्रान्सच्या तुरुंगात मरण पावला, पण नोव्हेंबरमध्ये त्याच्या लोकांनी फ्रेंच फौजेला हरवले. ब्रिटिश सैन्याने श्रॅपनेलचा तोफगोळा स्वीकारला तोही याच वर्षी. मँचेस्टरमध्ये जॉन डाल्टनने अणुभारांचे आपले कोष्टक मांडले.

जन्मांमध्ये रसायनशास्त्रज्ञ लीबिग (१२ मे), विचारवंत इमर्सन (२५ मे) आणि संगीतकार बेर्लिओझ (११ डिसेंबर) यांची नावे येतात. २९ नोव्हेंबर ही तारीख मात्र विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अडगावच्या शेतांत तोफा धडाडत होत्या त्याच दिवशी ऑस्ट्रियातील साल्झबुर्गला ख्रिश्चन डॉप्लर जन्मला. आज रडारवर विमानाचा वेग मोजला जातो तो त्याने शोधलेल्या नियमाच्या आधारे.

तारखा पाठ करणे सोपे असते. त्यांच्यापुढे 'का?' लिहिले की इतिहास सुरू होतो. १८०३ पुढचा 'का?' असा : ज्या फौजेचे सैनिक आपले, तोफा आपल्या, तिचे अधिकारी आपले का नव्हते? या प्रश्नाचे उत्तर आज आपण ज्या मैदानावर रोज कवायत करतो तिथेच घडत असते.