भिंगापुढचे भिंग

नायिकेच्या हातात पत्र येते. आतापर्यंत कॅमेरा तिच्यापासून दोन मीटरवर होता. आता दिग्दर्शकाला त्या पत्रावरची ओली, फुटलेली अक्षरे पडदाभर हवी आहेत. छायालेखक कॅमेरा पुढे सरकवतो आणि एका जागी अडतो. लेन्सची फिरकी शेवटपर्यंत फिरली, तरी अक्षरे धूसरच. किती जवळचे स्पष्ट दिसेल याला प्रत्येक लेन्सची हद्द असते, आणि अनेक जुन्या सिने लेन्सच्या बाबतीत ती अर्ध्या ते एक मीटरच्या आसपास येते.

मॅक्रो लेन्स लावता येते, पण मग चित्राचा पोत बदलतो आणि आधीच्या शॉटशी जुळत नाही. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये नळी घालता येते, पण त्यात प्रकाश कमी होतो. तिसरा उपाय सर्वांत साधा: लेन्सच्या तोंडावर एक बहिर्गोल भिंग बसवायचे. सेटवर त्याला डायॉप्टर म्हणतात, फोटोच्या दुकानात क्लोजअप फिल्टर. फिल्टर हे नाव चुकीचेच आहे, कारण ते काहीच गाळत नाही. प्रकाशही जवळजवळ पूर्ण येऊ देते.

चाळिशीनंतर नाकावर येणाऱ्या वाचायच्या चष्म्याची काच आणि हे भिंग एकाच कुळातले आहे. नंबरही तोच. १८७२ मध्ये फर्दिनां मोनोये या फ्रेंच नेत्रवैद्याने डायॉप्टर हे एकक सुचवले. भिंगाचे नाभीय अंतर मीटरमध्ये घ्यायचे आणि एकाला त्याने भागायचे. एक मीटर असेल तर +१, अर्धा मीटर असेल तर +२. दोन भिंगे एकापुढे एक लावली की नंबरांची बेरीज होते; +१ आणि +२ मिळून +३. जास्त ताकदीचे भिंग लेन्सच्या जवळ ठेवायचे आणि फुगीर बाजू दृश्याकडे.

यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी, की लेन्सचा फोकस अनंतावर ठेवून +२ लावले, तर स्पष्ट दिसणारी जागा भिंगापासून ५० सेंटीमीटरवरच येते, मग मागची लेन्स ३५ मिलिमीटरची असो वा २०० ची. बदलते ते फक्त चित्राचे माप. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर वस्तू सेन्सरवर एक दशांश आकाराची उमटते, म्हणजे सुपर ३५ मापाच्या कॅमेऱ्यात सुमारे २५ सेंटीमीटर रुंदीची चौकट मिळते: दोन हात आणि पत्र. १०० मिलिमीटरवर ती निम्मी होते. दोन डोळे आणि मधले नाक एवढेच मावते. ही गणिते चित्रीकरणाच्या आदल्या रात्री कागदावर मांडता येतात, आणि मांडावीतच.

आता किंमत. अनंतावर ठेवलेला फोकस +१ मुळे एक मीटरवर येतो. फिरकी फिरवून लेन्सचा आकडा एक मीटरवर आणला, तर स्पष्टता ५० सेंटीमीटरवर जाते. म्हणजे सारा खेळ या अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात. त्यापलीकडचे काहीही, कितीही फिरकी फिरवली तरी, स्पष्ट होणार नाही. अभिनेत्री बोलता बोलता मागे रेलली, उठून खिडकीपाशी गेली, तर फोकस सांभाळणारा सहाय्यक, म्हणजे फोकस पुलर, तिच्यामागे जाऊ शकत नाही. लेन्सवर छापलेले आकडे तर आता खोटेच झालेले असतात. टेपने मापून नव्या खुणा कराव्या लागतात. त्यात स्पष्टतेची खोली आटते. वर सांगितलेल्या १०० मिलिमीटरच्या शॉटमध्ये एफ २.८ ला ती तीन-चार मिलिमीटर उरते. पापण्यांचे केस कोरून दिसतात, पण श्वासाबरोबर मान हलली की तेही गेले.

म्हणून माझे ठाम मत असे आहे, की काम भागेल तेवढे कमीत कमी ताकदीचे भिंग लावावे. पत्राला, अंगठीला, घड्याळाच्या काट्याला +३ चालेल. वस्तू जागची हलत नाही. माणसाच्या चेहऱ्याला मात्र +१/२ हा फार मायाळू नंबर आहे. तो दोन मीटरपासून पाऊण मीटरच्याही आत येण्याची मुभा देतो. नट त्या अवकाशात झुकू शकतो, वळू शकतो. नंबर वाढवत गेलो की आपण त्याच्याभोवतीची जागा कमी करत जातो आणि तो अभिनयापेक्षा न हलण्याकडे लक्ष देऊ लागतो. हा निर्णय कॅमेरा विभागाने दिग्दर्शकाशी बोलूनच घ्यायला हवा.

या भिंगांचा खरा मोठा काळ आला तो रुंद पडद्याबरोबर. १९५३ मध्ये ‘द रोब’ सिनेमास्कोपमध्ये झळकला. आंरी क्रेतियां या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या अॅनामॉर्फिक लेन्सवर ही पद्धत उभी होती. चित्र आडवे दाबून फिल्मवर घ्यायचे आणि प्रक्षेपकाने पुन्हा फाकवायचे. पण सुरुवातीच्या लेन्सचा दाब जवळच्या अंतरावर कमी पडे. प्रक्षेपक मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण फाकवी. परिणामी जवळून घेतलेला चेहरा गालगुंड झाल्यासारखा रुंद दिसे, आणि हॉलिवूडने त्या दोषाला त्या आजाराचेच नाव दिले. तारकांना हे परवडणारे नव्हते. उपाय होता डायॉप्टर: तो लेन्सपुढे लावून अॅनामॉर्फिक लेन्सचा फोकस दूरवर ठेवला की तिचा दाब बिघडत नाही आणि जवळ पाहण्याचे काम पुढची काच करते. पॅनाव्हिजनने १९५० च्या दशकाच्या अखेरीस लेन्सच्या रचनेतच हा दोष दूर केला, तरी अॅनामॉर्फिक लेन्सच्या पेटीत डायॉप्टरचा संच आजही सोबत असतो. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट, गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’, १९५९ चा. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांचे त्यातले प्रकाशझोत सर्वांना आठवतात. त्याच चित्रपटातले चेहरे किती अंतरावरून टिपले आहेत तेही एकदा निरखून पाहावे.

याच भिंगाचा अर्धा काप म्हणजे स्प्लिट डायॉप्टर. चौकटीच्या एका बाजूपुढे काच, दुसऱ्या बाजूला मोकळी हवा. लेन्सचा फोकस आठ मीटरवर ठेवला आणि +१ चा काप बसवला, तर मोकळ्या बाजूला आठ मीटरवरचा माणूस स्पष्ट आणि काचेच्या बाजूला सुमारे ९० सेंटीमीटरवरचा चेहराही तितकाच स्पष्ट. मधला पट्टा मात्र धूसर होतो. तो लपवायला दाराची चौकट, पडद्याची कड, भिंतीतली सावली शोधावी लागते. नटाने ती रेघ ओलांडायची नाही आणि कॅमेरा सहसा हलवायचा नाही.

ब्रायन डी पाल्मा या दिग्दर्शकाने या तुकड्यातून एक शैलीच घडवली. ‘कॅरी’मध्ये (१९७६) वर्गात कविता वाचली जात असताना पुढे वर्गमित्र टॉमीचा चेहरा दिसतो आणि मागच्या बाकावर कॅरी, दोघेही स्पष्ट. ‘ब्लो आउट’मध्ये (१९८१, छायालेखक विल्मॉस झिगमंड) जॉन ट्रॅव्होल्टाचा ध्वनिमुद्रक रात्री पुलावर उभा राहून आवाज टिपतो आहे, आणि चौकटीत अगदी पुढे प्रचंड मोठे घुबड. दोघांत केवढे तरी अंतर. आपला डोळा असे कधीच पाहत नाही. तो एकदा जवळ पाहतो, एकदा दूर. ते घुबड जणू त्याच्या कानाशी आले आहे असे वाटते, आणि ऐकणे ज्याचे आयुष्य आहे अशा माणसासाठी हे चित्र नेमके आहे. ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’मध्ये (१९७६) छायालेखक गॉर्डन विलिस यांनी हीच काच जवळजवळ अदृश्य करून वापरली. रॉबर्ट रेडफर्ड सुमारे सहा मिनिटे एकाच शॉटमध्ये फोनवर बोलतो, मागे वृत्तपत्राच्या कचेरीतले लोकही स्पष्ट दिसतात, आणि चौकट हळूहळू त्याच्यावर आवळत जाते. ‘सिटिझन केन’मधला (१९४१) पुढे पेला-बाटली आणि मागे दार उघडून येणारा केन हा शॉट पुष्कळदा याच यादीत घातला जातो. तो या काचेचा नाही. छायालेखक ग्रेग टोलंड यांनी तो एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून साधला.

हे स्वतः करून पाहायचे असेल तर +१, +२, +४ अशा साध्या काचांचा स्वस्त संच टाळावा. एकाच काचेच्या भिंगात रंग वेगवेगळ्या जागी जमतात आणि कडांना जांभळट झालर येते. दोन प्रकारच्या काचा चिकटवून केलेले अॅक्रोमॅटिक भिंग महाग असते, पण एकच +२ बरीच वर्षे पुरते. झूम लेन्सवर ते विशेष शोभते: झूम चांगली असेल तर आतबाहेर करतानाही फोकस टिकतो, नळी लावली असती तर तो सुटला असता. आपल्याकडच्या सर्वांत रुंद तोंडाच्या लेन्सच्या मापाचे भिंग घ्यावे आणि लहान लेन्सना जोडकडी लावावी. सुरुवातीला एफ ५.६ किंवा ८ वर काम करावे; झालर कमी होते आणि फोकसला थोडी सवलत मिळते.